षष्ठीचा आदला दिवस

माझी बायको जाऊन वर्ष पूर्ण व्हायचं होतं आणि मी पचमढीला फिरायला गेलो. मागून कोणी विचारलं तर मी सांगतो, मुलानं नेलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मला जायचं होतं. नातीसोबत चार दिवस मिळणार म्हणून मी मनातून खूश होतो. ते तोंडावर दिसू दिलं नाही, एवढंच.

मी शिकलेला माणूस नाही. आठवीत शाळा सुटली, मग इथल्या सरकारी कारखान्यात फिटर लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. आमचं मूळ वर्ध्याकडचं, पण माझ्या बापापासून आम्ही जबलपूरचे. घर चेरीतालला. लिहायची सवय नाही, जसं झालं तसं लिहून राहिलो.

बायको गेली ती कोजागिरीनंतर. त्या रात्री तिनं दूध आटवलं, शेजारपाजारी वाटलं, आणि आठवडा व्हायच्या आत गेली. सकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, छातीत कसंतरी होऊन राहिलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. आमचे मराठी गुरुजी तेव्हा नागपूरला गेलेले, म्हणून पुढचं सगळं नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या एका पंडितानं केलं. शेवटी तो मुलाला म्हणाला, तिथी लक्षात ठेवा, कार्तिक कृष्ण षष्ठी. मुलानं ती फोनमध्ये टाकून ठेवली. मी बाजूलाच बसलो होतो, पण मला तेव्हा कोणी काय बोलते ते कानातून आत जात नव्हतं.

घरातल्या तिथ्या तीच पाहायची. माझ्या आईबापाचं श्राद्ध कधी, सुनेचा कोणता उपास, कोणाकडे हळदीकुंकू, सगळं तिच्याकडे. मी फक्त सांगितलं त्या दिवशी आंघोळ करून बसायचो. भिंतीवर तिची दोन कॅलेंडरं असत, एक नागपूरहून आणलेलं मराठी आणि एक इथलं हिंदी. दोन काहून लागतात, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाली, एक आपलं, एक गावाचं. ती गेल्यावर दोन्हीची पानं उलटायची राहून गेली.

गणपतीत मुलाचा फोन आला. तो हैदराबादला कंपनीत आहे. म्हणाला, बाबा, आईचं वर्षश्राद्ध डिसेंबर लागता लागता येतंय, तेव्हा मी येतोच. पण दिवाळीच्या आधी थोडी सुट्टी आहे, तर आपण सगळे पचमढीला जाऊ, तुम्ही वर्षभर घराबाहेर पडले नाहीत. मी म्हटलं, अरे, ती तर दिवाळीच्या आधी गेली. तो म्हणाला, यंदा धोंड्याचा महिना आला ना, त्यामुळे सगळं पुढे सरकलं. मी कॅलेंडरात पाहिलंय.

धोंड्याच्या महिन्यानं सण पुढे सरकतात हे मलाही ठाऊक होतं. पण एवढे सरकतील? कोजागिरीनंतर गेलेल्या बाईचं श्राद्ध दिवाळी उलटून जाईल? मनात आलं होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. फोनवर मागून नात काहीतरी बडबडत होती आणि माझा कान तिकडे होता.

नात तेव्हा धड दोन वर्षांचीही नव्हती. सून कटनीची, हिंदी घरातली. त्यामुळे पोट्टी आईशी हिंदीत, बापाशी मराठीत आणि माझ्याशी दोन्ही कालवून बोलायची. शब्द तरी किती, मूठभर. मला आबा म्हणायची. ती झाली तेव्हा बायको हैदराबादला जाऊन राहून आली होती. मग एकदा हे लोक इकडे आले. तेवढंच तिनं नातीला मांडीवर घेतलं. पोरीला पहिलं पाऊल टाकताना तिनं फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, दिवाळीत येतील तेव्हा माझ्या अंगणात चालवीन. तेवढं राहिलं.

तर आम्ही गेलो. मुलानं गाडी ठरवली, ड्रायव्हर आमच्याच गावातला, घमापूरचा. पाऊस संपून गेलेला, शेतं सोयाबीन कापून मोकळी झालेली, नाल्यांच्या काठानं कांसाचं गवत पांढरं फुललेलं. पोट्टी माझ्या मांडीवर खिडकीशी बसली होती आणि दिसेल त्या गाईला हात हलवून बाय करत होती. एखादी गाय पाहायची राहिली तर मला ओरडायची. पिपरिया गेलं, मटकुली गेलं, घाट लागला. वर हवा थंड झाली तशी ती माझ्या शर्टात हात घालून झोपली. मी पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

पचमढीत आमच्या खोल्यांपुढे ओसरी होती आणि त्यापुढे गवत. ऊन असं, की अंगावर घेऊन बसावं. तिथं पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेचा करवा चौथचा उपास होता. त्यांच्यात तो चुकवत नाहीत. दुपार कलल्यावर ती ओसरीत बसून फोनवर व्रताची कथा ऐकत होती. मी आणि नात खाली बसून स्टीलच्या ग्लासात खडे भरत होतो. ती भरायची, मी उपडं करायचो, ती हसायची, परत भरायची. फोनमधली बाई सांगत होती, कार्तिक मास, कृष्ण पक्ष, चतुर्थी.

माझा हात ग्लासावरच थांबला. मी सुनेला विचारलं, "बेटा, ये कार्तिक कौन सा? दिवाली तो अभी आई नहीं."

"बाबा, शरद पूनम के बाद कार्तिक लग जाता है न," ती म्हणाली. "यही तो है."

शिकलेल्या माणसाला ही गोष्ट लहान वाटेल, पण समजावून सांगतो. आपला मराठी महिना अमावास्येला संपते. इकडच्या लोकांचा पौर्णिमेला संपते. म्हणून शुद्ध पंधरवड्यात दोघांच्या महिन्याचं नाव एक, पण वद्य लागलं की त्यांचं नाव आपल्यापुढे धावते. कोजागिरीनंतर आपल्याकडे अजून आश्विन असते, त्यांचा कार्तिक लागलेला असते. दिवस तोच, नाव वेगळं. पंडितानं त्याचा कार्तिक सांगितला होता. मुलानं तो आपल्या मराठी कॅलेंडरात शोधला आणि एक महिना पुढचा दिवस धरून बसला. आज चतुर्थी. उद्या पंचमी. परवा माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध.

आणि हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. चेरीतालच्या बाया कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे कार्तिक नहायला नर्मदेवर निघतात. त्यांची गाणी ऐकून मी जन्मभर फर्स्ट शिफ्टला गेलो. डोक्यात दोन्ही गोष्टी होत्या, जोडल्या नव्हत्या.

तेव्हाच उठून मुलाला सांगायला पाहिजे होतं. तो आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. सुट्टी घेतली तरी त्याचं काम सुटत नाही. मी स्वतःला म्हटलं, सुनेचा उपास सुटू दे, मग सांगतो. आता सांगितलं तर तिची पूजा राहील, धावपळ होईल. मग चंद्र निघाला. सुनेनं चाळणीतून आधी चंद्र पाहिला, मग नवऱ्याला पाहिलं. पोट्टीलाही चाळणी पाहिजे होती. तिनं चाळणीतून मला पाहिलं आणि तिच्या बापाला मला दाखवलं, आबा, आबा, जसा मीच तिथं उगवलो. सगळे हसले. मीही हसलो. मी म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी मुलगा म्हणाला, आज दिवसभर माझं ऑफिसचं काम आहे, तुम्ही लोक फिरून या. सुनेचं कालच्या उपासानं डोकं दुखत होतं. ती म्हणाली, बाबा, आप ले जाओगे इसको? आता सांगितलं असतं तर तासाभरात सामान बांधून आम्ही घाट उतरलो असतो. मग श्राद्ध, मग दिवाळीची तयारी, आणि मग ते लोक हैदराबादला. नातीसोबतचा माझा एवढाच दिवस होता. मी पोट्टीला स्वेटर घातला, डोक्याला टोपी बांधली आणि निघालो.

तो दिवस कसा होता ते लिहितो. लिहिताना मला लाज वाटते, पण वाईट होता असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पावसानं सगळं धुऊन ठेवलेलं होतं आणि धूळ अजून उठायची होती. झाडांची नावं मला येत नाहीत. मोठी झाडं होती, रस्त्यावर त्यांची जाड पिवळी पानं पडत होती. पोट्टी कडेवर राहीना. खाली सोडली तर दोन पावलं चालायची, एक पान उचलायची, माझ्याकडे वळून म्हणायची, "आबा, लो." मी घ्यायचो. लगेच दुसरं. फेकलेलं तिला चालत नव्हतं, ती पाहायची मी कुठं ठेवतो ते. शर्टाचा खिसा भरला, पँटचे भरले, मग मी माझ्या डोक्यावरची टोपी काढून तिच्यात घेतली. एक घोडेवाला चालला होता, तो म्हणाला, बाबूजी, जंगलात अजून लय आहेत, गाडी बोलवू का? मी म्हटलं, मालकीणबाईला विचार. पोट्टीनं त्यालाही एक पान दिलं.

उन्हाची ऊब आणि सावलीतला गारवा, दोन्ही एकाच रस्त्यावर. ती सावलीतून उन्हात गेली की थांबायची, डोळे बारीक करायची, परत सावलीत यायची. हे किती वेळ चाललं ते मी पाहिलं नाही. घड्याळ होतं हातात. त्याच्याकडे पाहिलं की उद्याची आठवण यायची, म्हणून पाहिलं नाही.

पुढे एक म्हातारी सीताफळं घेऊन बसली होती. पोट्टी तिच्या टोपलीपुढे उकिडवी बसली, जशी विकत घ्यायलाच आली. म्हातारीनं एक पिकलेलं दोन हातांनी फोडून तिच्यापुढे धरलं. तिनं आधी बोट घातलं, मग तोंड. बी गिळेल म्हणून मी तिच्या हनुवटीखाली हात धरला. तिला ते आवडलं. गर खायचा, बी जिभेनं पुढे आणायचं आणि माझ्या हातात सोडायचं, प्रत्येक बी सोडल्यावर माझ्याकडे पाहायचं. हनुवटी, हात, स्वेटर, सगळं चिकट झालं. म्हातारी हसून हसून बेजार.

मग ती म्हणाली, "नातिन है न? दादी नहीं आई साथ में?"

मी म्हटलं, "नहीं आई."

एवढंच म्हटलं. जसं काही ती खोलीवर थांबली आहे, गुडघे दुखतात म्हणून. मी आयुष्यात लोकांना तोंडावर वाईट बोललो आहे, पण खोटं फार बोललो नाही. त्या म्हातारीला खरं सांगायला काय हरकत होती? पण सांगितलं असतं तर तिनं अरेरे म्हटलं असतं, विचारलं असतं कधी गेली, आणि मला म्हणावं लागलं असतं, उद्या वर्ष होते. ते तोंडातून निघालं असतं तर दिवस तिथंच संपला असता. बायकोला मी खोलीवर बसवून ठेवलं आणि नातीचे हात पुसले.

तिथून उतारावर एक लहानसा ओढा होता, घोट्याएवढं पाणी. दुपार टळून जाईपर्यंत आम्ही तिथं होतो. पोट्टी पाण्यात फतकल मारून बसली आणि उठेना. डायपर पाणी पिऊन फुगलं. ते काढायला मला आलं, नवं लावायला आलं नाही. मी माझा खांद्यावरचा दुपट्टा तिच्या कमरेला लंगोटासारखा बांधला. दुपट्टा नेसून ती पैलवानासारखी चालली. परत येताना खांद्यावर झोपली, तिची लाळ माझ्या मानेवर. त्या वेळी मला बायकोची आठवण आली, पण दुःखानं नाही आली. तिच्या वाटचं खाऊन राहिलो असं वाटलं. घरात एकच पेढा उरलेला असावा, तो दोघांत अर्धा करायचा असावा, आणि मी एकट्यानं उभ्या उभ्या खाऊन टाकावा. आणि तो गोड लागावा.

खोलीवर आलो तेव्हा सून म्हणाली, कहाँ थे बाबा, इतनी देर. मी म्हटलं, यहीं. मुलगा अजून फोन कानाला लावून बोलत होता. मी म्हटलं, जेवताना सांगू.

रात्रीचं जेवण तिथल्याच खानावळीत होतं. मुलाचं काम संपलं होतं, तो खुशीत होता. त्यानं चिकन मागवलं. आता वर्षश्राद्ध करणाऱ्यानं आदल्या दिवशी कसं राहावं हे आमच्याकडे लहान पोराला माहीत असते. मांसमच्छी नाही, दारू नाही, एक वेळ जेवण. त्याला माहीत असतं तर त्यानं सकाळपासून पाणी पिऊन दिवस काढला असता, असा पोरगा आहे तो. आईवर त्याचा जीव होता. मला तोडून बोलायचा, तिला कधी नाही.

पोट्टी माझ्या बाजूला उंच खुर्चीत बसून माझ्या ताटात वरणभात वाढत होती, आपल्या हातानं. मुलानं रश्शात भाकरी बुडवून दोन घास खाल्ले. मी पाहत होतो. मग त्यानं तंगडी उचलली.

"नको खाऊ ते," मी म्हटलं.

"काहून? खराब आहे का?"

"उद्या तुझ्या आईची तिथी आहे."

तो हसला. "बाबा, डिसेंबरात आहे. मी पाहिलंय ना."

"तू आपल्या कॅलेंडरात पाहिलं. पंडितानं त्यांचा कार्तिक सांगितला होता. तो हाच."

त्याच्या आधी सुनेला समजलं. तिनं हातातली पोळी ताटात ठेवली. कल चौथ थी, ती हळूच म्हणाली, आज पंचमी. मुलगा तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. त्यानं तंगडी खाली ठेवली आणि हात तसेच, बोटं पसरून, ताटावर धरले.

"आत्ता आठवलं तुम्हाला?"

हो म्हणता आलं असतं. म्हातारा माणूस आहे, उशिरा आठवलं, कोणी काही म्हटलं नसतं. तो ते मान्य करायला तयार बसला होता.

"नाही. काल दुपारीच कळलं."

"काल? मग आज दिवसभर काय करून राहिले होते तुम्ही?"

"पोट्टीसोबत फिरून राहिलो होतो."

तो उठून हात धुवायला गेला. खूप वेळ नळ चालू होता. बाहेर येऊन त्यानं ताटाकडे पाहिलं नाही, उभ्याउभ्याच बोलला. म्हणाला, इथंच जटाशंकराच्या देवळात कोणी पंडित पाहू, सकाळी इथंच करून घेऊ, एवढ्या लहान पोरीला घेऊन पहाटे घाट कुठं उतरता. मी म्हटलं, इथं नाही. तुझी आई इथं एकदा आली होती, तू पोटात होता तेव्हा, कारखान्याच्या लोकांसोबत बसमध्ये. प्रत्येक वळणावर ओकली आणि बसमधल्या सगळ्यांसमोर मला म्हणाली, पुन्हा या डोंगरावर आणलं तर माहेरी निघून जाईन. तिला इथं बोलवू नको.

सुनेला हसू आलं, मग तिचे डोळे भरले, आणि ती पोट्टीचं तोंड पुसत बसली. मुलाला हसू आलं नाही. त्यानं ड्रायव्हरला फोन लावला आणि उजाडायच्या आधी निघायचं सांगितलं. मग ग्वारीघाटावरच्या पंडिताला फोन, मग चेरीतालला समोरच्या वहिनींना, की उद्या आमच्याकडे आईसाठी सवाष्ण म्हणून जेवायला बसाल का, आणि दूध तेवढं घेऊन ठेवा. सगळं त्यानंच केलं.

उतरताना धुकं होतं. मुलगा पुढे बसला होता आणि मला त्याचं फक्त डोकं दिसत होतं. मागून पाहिलं तर त्याचे केस आईसारखेच, भोवऱ्याशी वळलेले. पिपरियाला चहाला थांबलो तेव्हा त्यानं माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला, पण ड्रायव्हरच्या हातानं पाठवला. पोट्टी जागी होती आणि तोंडात बोट घालून सारखं मला काहीतरी सांगत होती. मी तिला गप्प केलं. गाडीतल्या त्या शांततेत पोरीचा आवाज ऐकायची मला हिंमत नव्हती.

दुपार कलायच्या आत आम्ही ग्वारीघाटावर पोचलो. म्हणजे वेळेत. लोक म्हणतात, मग काय बिघडलं, वेळेत तर झालं.

पंडित तोच होता. गर्दी होती, त्याला घाई होती. बसल्या बसल्या त्यानं मुलाला विचारलं, कल नियम से रहे न? मुलानं माझ्याकडे पाहिलं. आदल्या रात्रीनंतर पहिल्यांदा पाहिलं. तो हो म्हणेल असं मला वाटलं, आणि त्यानं म्हणू नये असं वाटलं.

मीच बोललो. "पंडितजी, इसने मुर्गा खाया है. दो कौर. इसको मालूम नहीं था. मुझे मालूम था."

पंडितानं दर्भ वळता वळता मान हलवली. म्हणाला, जिसको मालूम नहीं उसका दोष नहीं, हाथ आगे करो बेटा. मुलानं हात पुढे केला. ज्याला मालूम होतं त्याचं काय, ते पंडितानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी मागे पायरीवर बसलो. पिंड पाण्यात सोडले, तिळाचं पाणी सोडलं. मुलगा आईचं नाव घेताना अडला आणि पंडितानं पुन्हा म्हणायला लावलं.

घरी सुनेनं खीर केली, उडदाचे वडे केले, भाजी केली. तिला आमची रीत येत नव्हती. समोरच्या वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहून सांगत गेल्या. मग त्याच सवाष्ण म्हणून पाटावर बसल्या, सुनेनं त्यांची ओटी भरली, त्या जेवल्या, जाताना मला म्हणाल्या, भाऊजी, तिला पोचलं हो. चांगल्या बाई आहेत. त्यांना काय माहीत.

सगळं आवरल्यावर मी पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलो. नात मांडीवर येऊन बसली. मुलगा दारात उभा होता. सोवळ्याचं धोतर अजून त्यानं सोडलं नव्हतं. पोट्टीनं पुन्हा तोंडात बोट घातलं आणि म्हणाली, आबा, दात, पानी. सकाळपासून तेच.

"काय म्हणून राहिली ती?" मुलानं विचारलं. आवाज साधा होता.

मी म्हटलं, काही नाही.

"सांगा ना बाबा."

मग सांगावं लागलं. काल ओढ्यात ती पाण्यात बसली, तेव्हा मी एवढा हसलो, एवढा हसलो, की माझी वरची कवळी निसटून पाण्यात पडली. पोट्टी गारच झाली. तिला वाटलं आबा तुटला. मग तिनं पाण्यात हात घातला, कवळी उचलली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, कवळीकडे पाहिलं, आणि सरळ स्वतःच्या तोंडात घालायला लागली. बसेना तर मला म्हणाली, आबा, लो.

मुलगा दाराला टेकला. आधी त्यानं तोंडावर हात धरला, मग त्याचे खांदे हलायला लागले. आतून सून आली, क्या हुआ, क्या हुआ करत. त्यानं तिला हिंदीत सांगितलं तशी तीही खाली बसली. मुलगा माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, अजून काय केलं तिनं? सगळं सांगा. मी तिथं असून पाहिलं नाही.

मी सांगत गेलो. पानं सांगितली, घोडेवाला सांगितला, दुपट्ट्याचा लंगोट सांगितला. सीताफळवाल्या म्हातारीनं काय विचारलं ते सोडून सगळं सांगितलं. तो हसत होता, डोळे पुसत होता, परत विचारत होता. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, बायकोचा हार घातलेला फोटो माझ्या मागच्या भिंतीशी पाटावर आहे, आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलो आहे.

वळून बसायला पाहिजे होतं. पण तेवढ्यात पोट्टीचं डोकं माझ्या छातीवर कललं, तिला झोप लागून राहिली होती. मी हललो नाही.